विश्लेषण : नगरमध्ये जन्मलेल्या स्पाइक मिलिगन यांनी टीव्हीवरील विनोदाची ‘पंचलाइन’ का काढून टाकली?

ब्रिटनमध्ये २४ मार्च १९६९ रोजी बीबीसी-२ वाहिनीवर ‘क्यू ५’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. एक प्रहसन, मध्येच गाणे, पुन्हा प्रहसन, असा त्याचा साचा. प्रेक्षकांना तो ओळखीचाच होता. नवे होते ते एवढेच, की यातली प्रहसने संपतच नव्हती. ती मध्येच थांबत, कोसळत, किंवा भलत्याच प्रहसनात घुसत. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, ५ ऑक्टोबर १९६९ रोजी, ‘मॉण्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ही मालिका आली आणि जगभर गाजली. आज ‘अतार्किक विनोद’ म्हटले की नाव निघते ते ‘पायथन’चे. ‘क्यू ५’ लिहिणारे आणि त्यात काम करणारे स्पाइक मिलिगन यांचे नाव त्या मानाने मागे राहिले. या मिलिगन यांचा जन्म महाराष्ट्रातला, बालपणाचा काही काळ पुण्यातला. त्यांना शेवट नसलेले विनोद का सुचले, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

नगर, पुणे, रंगून…

टेरेन्स ॲलन मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरमध्ये (आताचे अहिल्यानगर) झाला. वडील लिओ हे मूळचे आयर्लंडमधील स्लायगोचे. ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात त्यांची नोकरी होती. आई फ्लॉरेन्स इंग्लिश. लिओ यांना रंगमंचाचे विलक्षण वेड. छावणीतील जवानांच्या करमणुकीसाठी होणाऱ्या कार्यक्रमांत ते गात, नाचत, सोंगे काढत. फ्लॉरेन्स पियानो वाजवत आणि गातही. एक गाणे, एक नक्कल, थोडा आचरटपणा, पुन्हा गाणे, ही मिसळ मिलिगन यांनी चालू-बोलू लागल्यापासून पाहिली होती. त्यांच्या पुढच्या सगळ्या कार्यक्रमांचा सांगाडा तोच राहिला.

पुण्यात ते ‘कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी’ शाळेत शिकले. पुढे वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब रंगूनला गेले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला फौजेत कपात झाली, लिओ यांची नोकरी गेली आणि कुटुंब लंडनच्या कॅटफर्ड भागात येऊन राहिले. छावणीत गोऱ्या शिपायाच्या घरीही नोकरचाकर असत. इथे थंडी, धुके आणि पैशाची ओढाताण होती. ‘मायदेशी’ परतल्यावर परके वाटणे हा अनुभव मिलिगन यांना पंधराव्या वर्षाच्या आसपास आला आणि तो त्यांनी कधी विसरू दिला नाही, ना स्वतःला, ना वाचकांना.

शिक्षण अर्धवट सुटले. वूलिच येथील शस्त्रागारात कारकुनी, इतर किरकोळ नोकऱ्या आणि संध्याकाळी जॅझ असा दिनक्रम सुरू झाला. ते ट्रम्पेट वाजवत, गिटारही हाताळत, बिंग क्रॉसबीच्या शैलीत गात. ‘स्पाइक’ हे नावही संगीतातूनच आले. अमेरिकेत स्पाइक जोन्स यांचा वाद्यवृंद गंभीर गाण्यांची शिट्ट्या, भोंगे आणि पिस्तुलाच्या आवाजांनी टर उडवत असे. तो रेडिओवर ऐकल्यावर मिलिगन यांनी ते नाव उचलले.

तोफ हरवली आणि मित्र सापडला

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये त्यांना सैन्यात बोलावण्यात आले. वडिलांप्रमाणेच तोफखाना. ते ५६व्या हेवी रेजिमेंटमध्ये सिग्नलर होते. फावल्या वेळात तुकडीतल्या मित्रांना जमवून त्यांनी बँडही काढला. १९४३ मध्ये ही रेजिमेंट उत्तर आफ्रिकेत उतरली. ट्युनिशियात एकदा एक अवजड तोफ डागल्यानंतर मागे सरकली आणि थेट कड्यावरून खाली गेली. खाली एका छोट्या वायरलेस ट्रकमध्ये वेल्समधला एक जवान बसला होता. थोड्या वेळाने वरून मिलिगन आले आणि कुणी एखादी तोफ पाहिली का, अशी चौकशी करू लागले. ट्रकमधला जवान म्हणजे हॅरी सीकम, पुढे ‘गून शो’चे नायक झाले ते. हा किस्सा दोघांनी आयुष्यभर रंगवून सांगितला, त्यामुळे त्यात मीठमसाला असणारच. पण भेट खरी होती.

इटलीतला प्रसंग मात्र विनोदाचा नव्हता. जानेवारी १९४४ मध्ये मॉन्टे कॅसिनोच्या आघाडीवर मॉर्टरच्या स्फोटात मिलिगन जखमी झाले. पायाची जखम भरली, मनाची नाही. तोफांचा आवाज झाला की ते थरथरत, अडखळत बोलत. तरीही त्यांना पुन्हा तोफांजवळच पाठवण्यात आले. काम होईना, तेव्हा त्यांची लान्स बॉम्बार्डियरची पट्टी काढून घेऊन त्यांना पुन्हा साधे गनर करण्यात आले. युद्धाने खचलेल्या माणसाला शिस्तभंग केल्यासारखे वागवले गेले. अधिकाऱ्यांविषयीचा जो तिटकारा पुढे त्यांच्या लेखनात सतत दिसतो, त्याची मुळे इथे आहेत. उरलेला काळ त्यांनी इटलीत सैनिकांसाठी कार्यक्रम करण्यात घालवला. फाटके कपडे घालून उत्तम जॅझ वाजवणाऱ्या बिल हॉल ट्रायोमध्ये ते गिटार वाजवत.

‘गून शो’ काय होता?

युद्धानंतर लंडनच्या व्हिक्टोरिया भागातील ‘ग्राफ्टन आर्म्स’ या पबमध्ये काही बेकार विनोदवीर जमत. पबचे मालक जिमी ग्राफ्टन स्वतः पटकथा लिहीत. मिलिगन, सीकम, पीटर सेलर्स आणि मायकल बेंटीन ही चौकडी तिथे जुळली. २८ मे १९५१ रोजी बीबीसी रेडिओवर त्यांचा कार्यक्रम ‘क्रेझी पीपल’ नावाने सुरू झाला, वर्षभरात त्याचा ‘गून शो’ झाला. बेंटीन लवकरच बाहेर पडले. जानेवारी १९६० पर्यंत दहा पर्वे झाली. लॅरी स्टीफन्स, एरिक साइक्स यांच्यासारखे सहलेखक होते, तरी बहुतांश भार मिलिगन यांच्यावरच होता.

अर्ध्या तासाच्या भागाचे दोन गाण्यांनी तीन तुकडे पडत. एकदा मॅक्स गेल्ड्रे यांचा माउथ ऑर्गन, एकदा रे एलिंग्टन यांचा चमू. त्या काळच्या रेडिओ विनोदाची ही नेहमीचीच मांडणी होती. मिलिगन यांनी मोडतोड केली ती मधल्या कथेची. रेडिओवर काहीही शक्य आहे, हे त्यांनी शब्दशः घेतले. पात्रे मरत आणि पुढच्या वाक्यात बोलत. पियानोत बसून माणसे समुद्र ओलांडत. आणि हे सारे आवाजांतून उभे राहत असे. दारावरची टकटक आणि पावलांचे आवाज एवढ्यावर भागवणाऱ्या तंत्रज्ञांकडे मिलिगन भलभलत्या आवाजांची मागणी करत. एकदा त्यांनी कॅन्टीनमधून कस्टर्ड मागवले, मोज्यात भरले आणि ते भिंतीवर आपटून पाहिले. हवा तो आवाज आला नाही, मोजा वाया गेला. १९५८ मध्ये बीबीसीने ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ हा ध्वनिप्रयोगांचा विभाग काढला, तेव्हा ‘गून शो’साठीही तिथे आवाज तयार झाले.

या कार्यक्रमात भारतही होता. मेजर ब्लडनॉक हे पात्र म्हणजे भ्याड, पैसेखाऊ, पोटाच्या विकाराने बेजार असा वसाहतकाळातला लष्करी अधिकारी. साम्राज्याच्या रुबाबाची इतकी निर्भेळ चेष्टा तोवर सरकारी रेडिओवर कुणी केली नव्हती. छावणीत वाढलेल्या, आणि पुढे फौजेने पट्टी काढून घेतलेल्या माणसालाच ती सुचणार.

किंमत काय मोजावी लागली?

वर्षातले अनेक महिने दर आठवड्याला नवी संहिता द्यायची. त्यात हे युद्धातून आलेले मन. १९५२च्या अखेरीस मिलिगन कोसळले. भ्रमिष्ट अवस्थेत ते बटाटे सोलण्याची सुरी घेऊन शेजारी राहणाऱ्या सेलर्स यांच्यावर धावून गेले. त्यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि त्या काळात ‘गून शो’ इतरांनी चालवला. परतल्यावर ते पुन्हा लिहू लागले. पुढे आयुष्यभर नैराश्याचे झटके येत राहिले. उन्मादाच्या टोकावर ते रात्रंदिवस लिहीत, नैराश्याच्या टोकावर खोलीचे दार बंद करून घेत. आज याला ‘बायपोलर’ म्हणतात. त्या काळी नामवंत माणसे असल्या आजाराविषयी बोलत नसत. मिलिगन बोलले, मुलाखतींतून आणि पुढे १९९३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकातून.

वेड आणि प्रतिभा यांची सांगड घालायचा मोह अशा ठिकाणी होतो. मिलिगन यांच्याबाबत तो आवरलेला बरा. आजाराने त्यांना विनोद दिला नाही. त्यांचा विनोद त्याआधीचा, छावणीतला आणि बँडमधला होता. आजाराने त्यांची वर्षे खाल्ली, पहिला संसार मोडला आणि सहकाऱ्यांना त्यांची धास्ती बसली.

‘क्यू ५’मध्ये वेगळे काय होते?

टीव्हीवरचा मिलिगन यांचा हा पहिला प्रयत्न नव्हता. १९५६ मध्ये व्यावसायिक वाहिनीवर सेलर्स यांच्यासह त्यांनी ‘इडियट वीकली’, ‘अ शो कॉल्ड फ्रेड’ आणि ‘सन ऑफ फ्रेड’ असे तीन कार्यक्रम केले. दिग्दर्शक होते रिचर्ड लेस्टर, ज्यांनी पुढे बीटल्सचे चित्रपट केले. रंगभूमीवरही मिलिगन यांनी एक धडा घेतला होता. १९६४ मध्ये ‘ओब्लोमॉव्ह’ हे गंभीर रशियन कथेवरचे नाटक पडायला लागले, तेव्हा ते भर प्रयोगात संहिता सोडून मनाला येईल ते बोलू लागले. नाटक चालले. नाव बदलून ‘सन ऑफ ओब्लोमॉव्ह’ झाले आणि मोठ्या नाट्यगृहात गेले. प्रेक्षकाला गोष्टीचा शेवट नको असतो, पुढच्या क्षणी काय होईल याची अनिश्चितता हवी असते, हे त्यांना तिथे कळले असावे.

आता ‘पंचलाइन’विषयी. प्रहसन म्हणजे एक प्रसंग, त्यात वाढत जाणारा गोंधळ आणि शेवटी टाळ्या घेणारे वाक्य. ते आले की दिवे मंद, बँड सुरू. व्हरायटी थिएटरपासून टीव्हीपर्यंत हीच रीत होती. अडचण अशी की शेवटचे वाक्य जमवण्यासाठी आधीचे सगळे प्रसंग त्याच्या सोयीने वाकवावे लागतात. अनेक चांगल्या कल्पना केवळ त्यांना शेवट सुचला नाही म्हणून टोपलीत जातात. मिलिगन आणि सहलेखक नील शँड यांनी ‘क्यू ५’मध्ये ही अटच काढून टाकली. कल्पना रंगात आहे तोवर चालवायची, दमली की सोडून द्यायची. कलाकारांच्या कपड्यांवर बीबीसीच्या कपडेपटाची लेबले तशीच लटकत. प्रहसन अडले की सगळे नट अभिनय सोडून, आता पुढे काय करायचे असे पुटपुटत, एकेक पाऊल टाकत कॅमेऱ्याकडे चालत येत. शेवट नसणे लपवायचे नाही, तोच विनोद करायचा.

हे सगळे दर वेळी जमत होते असे नाही. मिलिगन यांच्या टीव्हीवरील कामात पाच मिनिटे अफाट आणि पुढची पाच कंटाळवाणी असा प्रकार नेहमीचा. स्वतःच्याच विनोदावर त्यांना हसू आवरत नसे, आणि ते प्रत्येक वेळी प्रेक्षकाला गोड वाटत नसे.

मग नाव ‘पायथन’चे का झाले?

‘क्यू ५’ पाहून मायकल पेलिन आणि टेरी जोन्स हादरले होते. त्यांच्या डोक्यात जे घोळत होते ते मिलिगन आधीच करून बसले होते. ‘पायथन’च्या मंडळींनी हे ऋण पुढे मोकळेपणाने मान्य केले. त्यांनी आणखी एक व्यवहारी पाऊल उचलले. ‘क्यू ५’चे दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यांनाच आपल्याकडे घेतले. ‘मॉण्टी पायथन’चे बहुतेक भाग त्यांनीच दिग्दर्शित केले.

पण फरकही होता. मिलिगन यांनी प्रहसनाचा शेवट कापला आणि तिथे भगदाड तसेच सोडले. ‘पायथन’कडे टेरी गिलियम यांची ॲनिमेशन होती. एका अर्धवट प्रसंगातून दुसऱ्यात जाण्यासाठी तयार पूलच. शिवाय ते सहा जण एकमेकांचे लिखाण कठोरपणे तपासत. मिलिगन यांना अडवणारे फारसे कुणी नव्हते. आणि सर्वात मोठी गोष्ट वेळापत्रकाची. ‘क्यू’चे दुसरे पर्व, ‘क्यू ६’, यायला १९७५ उजाडले. मधल्या काळात, १९६९ ते १९७४ मध्ये, ‘पायथन’ची चारही पर्वे होऊन गेली होती. त्यामुळे मिलिगन परतले तेव्हा नव्या प्रेक्षकाला तेच ‘पायथन’ची नक्कल करत आहेत असे वाटण्याची सोय झाली होती. १९८० पर्यंत ‘क्यू ९’ झाले, १९८२ मध्ये त्याच धर्तीची आणखी एक मालिका आली. दरम्यान, ‘क्यू ५’च्या बऱ्याच टेप त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मूळ पुरावाच तुटपुंजा उरला.

या दोन घराण्यांची एक भेट मात्र पडद्यावर आहे. १९७८ मध्ये मिलिगन ट्युनिशियात सुट्टीवर, आपल्या जुन्या रणभूमी पाहायला गेले होते. तिथेच ‘लाइफ ऑफ ब्रायन’चे चित्रीकरण सुरू असल्याने त्यांना एका दृश्यात उभे करण्यात आले. सकाळी त्यांनी काम केले, दुपारी उरलेले चित्रीकरण सोडून ते निघून गेले.

भारतीय पात्रांचे काय?

मराठी वाचकाला मिलिगन यांच्या कामातली सर्वात अवघड जागा हीच. ‘गून शो’त लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन पात्रे होती, सेलर्स आणि मिलिगन यांनी साकारलेली. त्यांच्या इंग्रजी उच्चारांवर हशा मिळे. १९६९ मध्येच ‘करी अँड चिप्स’ या मालिकेत मिलिगन चेहऱ्याला तपकिरी रंग लावून पाकिस्तानी-आयरिश कामगार झाले. लेखक जॉनी स्पाइट यांचा दावा वर्णद्वेषाचे हसे करण्याचा होता. प्रत्यक्षात शिव्या ऐकून हसणारेच जास्त निघाले. सहा भागांनंतर नियामक संस्थेने मालिका बंद करायला लावली. १९७५ मध्ये स्थलांतरितांवरच्या ‘द मेल्टिंग पॉट’ या त्यांच्या मालिकेचा बीबीसीने एक भाग दाखवला आणि बाकीचे दाखवलेच नाहीत. ‘क्यू ६’मधले पाकिस्तानी डालेकचे प्रहसन एके काळी त्यांचे सर्वात लोकप्रिय काम होते. आज ते पाहताना अवघडायला होते.

पुण्यातल्या दिवसांविषयी मिलिगन नेहमी जिव्हाळ्याने बोलत. पण त्यांनी पाहिला होता तो छावणीतून दिसणारा भारत. ब्लडनॉकसारखा गोरा अधिकारी त्यांनी आतून ओळखला होता, म्हणून ते पात्र जिवंत आहे. भारतीय माणूस त्यांना आवाजापलीकडे फारसा ठाऊक नव्हता, आणि त्या पात्रांत तेवढाच आवाज उरला.

ब्रिटनने त्यांना आपले मानले का?

जन्म भारतातला, वडील आयरिश, म्हणून १९६०च्या सुमारास ब्रिटिश पासपोर्टसाठी त्यांना निष्ठेची शपथ घ्यायला सांगण्यात आले. ज्या देशासाठी युद्धात शरीर आणि मन जखमी झाले त्यानेच निष्ठेचा पुरावा मागावा, हे त्यांना मान्य नव्हते. १९६२ मध्ये त्यांनी आयर्लंडचे नागरिकत्व घेतले. त्यामुळे पुढे त्यांना ‘सर’ दर्जाचा किताब मिळाला तोही मानद.

टीव्हीशिवायही त्यांचे काम अफाट आहे. मुलांसाठीच्या निरर्थक कविता, ‘पकून’ ही कादंबरी आणि १९७१ पासून आलेल्या युद्धाच्या आठवणींचे खंड. पर्यावरण आणि प्राण्यांसाठी ते रस्त्यावर उतरत. १९७१ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत एका कलाकृतीचा भाग म्हणून जिवंत मासे विजेच्या धक्क्याने मारले जाणार होते, तेव्हा त्यांनी निषेध म्हणून गॅलरीची काच फोडली.

‘गून शो’चा एक निस्सीम चाहता राजवाड्यात होता, तेव्हाचे युवराज चार्ल्स. १९९४ मध्ये ब्रिटिश कॉमेडी पुरस्कारांच्या थेट प्रक्षेपणात मिलिगन यांना जीवनगौरव देताना युवराजांचे कौतुकाचे पत्र वाचले जात होते. मिलिगन यांनी मध्येच युवराजांना लाळघोटेपणाची शिवी हासडली. सभागृह हसून कोसळले. नंतर त्यांनी युवराजांना संदेश पाठवून, आता किताब मिळण्याची आशा सोडावी का, अशी विचारणा केली. सहा वर्षांनी तो मिळाला.

सेलर्स १९८० मध्ये गेले, बेंटीन १९९६ मध्ये, सीकम एप्रिल २००१ मध्ये. सीकम आपल्या आधी जावेत, नाही तर ते आपल्या अंत्यविधीत गातील, अशी भीती मिलिगन अनेक वर्षे बोलून दाखवत. २७ फेब्रुवारी २००२ रोजी वयाच्या ८३व्या वर्षी ससेक्समधील राय येथे त्यांचे निधन झाले. स्मृतिसभेत सीकम यांच्या गाण्याची ध्वनिफीत लावण्यात आली.

विंचल्सी गावातील सेंट थॉमस चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. कबरीवर काय कोरायचे हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. आपण आजारी आहोत हे सांगत होतो, पण कुणी ऐकले नाही, अशा अर्थाची ती तक्रार. चर्चच्या अधिकाऱ्यांना पवित्र जागेत हा विनोद रुचला नाही. दोन वर्षांहून अधिक काळ कबरीवर दगडच नव्हता. अखेर तो मजकूर आयरिश भाषेत कोरायचा, या तोडग्यावर परवानगी मिळाली. गावातल्या फार थोड्या लोकांना तो वाचता येतो.